आसन कमी पडलं

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की योग चांगला हे कोणाला पटत नाही, पण नोकरीधंद्याच्या माणसाने सकाळचा तास आणायचा कुठून? तुमचा पेपर माझी मुलगी मला मोबाइलवर काढून देते. ते पत्र मी दुकानात वाचलं, तेव्हा एका हातात मोबाइल होता, दुसऱ्या हातात कुर्त्याची बाही, आणि समोर बाकावर गिऱ्हाईक बसलेलं. मी बडोद्यात रावपुऱ्याच्या एका बोळात शिवणकामाचं दुकान चालवतो. दुकान वडिलांपासूनचं. त्या गृहस्थांची अडचण खोटी नाही, माझीही तीच होती. पण योगातलं जे काही थोडं मला कळलं, ते सकाळच्या तासात कळलं नाही, पायजमे शिवताना कळलं. म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल काटछाट करा, तो धंदा माझाही आहे.

आधी आमच्याकडचा एक शब्द सांगतो. शिंप्याच्या भाषेत ‘आसन’ म्हणजे पायजम्याचा किंवा सलवारीचा कमरेपासून दोन पाय फुटतात तिथपर्यंतचा भाग. आसन कमी ठेवलं तर उभ्या माणसावर कपडा नेटका दिसतो. तो माणूस मांडी घालून बसला, की खरं काय ते कळतं. म्हणून जुने शिंपी दोन पायांच्या मधे एक चौकोनी तुकडा तिरपा बसवायचे. चार शिवणी जास्त पडतात, बाहेरून दिसत काहीच नाही. वडील म्हणायचे, “गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, पण तू बसणाऱ्या माणसासाठी बेत.”

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे संपता संपता एका मंडळाचे दोघे जण दुकानात आले. 21 जूनच्या योगदिनाला सगळ्यांनी एकसारखं दिसायला हवं, म्हणून पांढरे सुती पायजमे, 120 नग, 19 तारखेला संध्याकाळी पाहिजेत. कापड त्यांचं. मी मनात हिशोब केला. मी आणि माझा कारागीर मिळून दिवसाला सहा, फार तर सात. हातात 17 दिवस. म्हणजे जीव काढला तर 119, आणि जूनमध्ये शाळा उघडतात त्यांचे गणवेश आधीच घेतलेले. गणित बसत नव्हतं हे मला तिथल्या तिथे माहीत होतं. तोंडातून निघालं, “थई जशे,” म्हणजे होऊन जाईल. बडोद्यात धंदा करणाऱ्या मराठी माणसाचं खोटंही गुजरातीत येतं.

मी तेव्हा दीड वर्ष कमाटीबागेत सकाळी योगाला जात होतो. हौसेने नव्हे, कमरेने नेलं होतं. वडिलांच्या काळात मशीन पायाने चालायचं, दिवसभर घोटे आणि पोटऱ्या हलत्या राहायच्या. मी मोटर बसवली आणि उजव्या पायाचा पंजा तेवढा कामाला राहिला, बाकीचं शरीर स्टुलावर गोणीसारखं. काही वर्षांत कंबर धरली. डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले, आणि गोळ्यांबरोबर व्यायाम लिहून दिला. तर ऑर्डर घेतल्यावर पहिली सुट्टी कोणाला मिळाली? बागेला. योगदिनाचे पायजमे शिवायचे म्हणून योग बंद. पहाटे पाचला मशीन सुरू.

त्या दिवसांतली एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण लिहितो. दहा-अकरा तारखेला रात्री कारागिराच्या बोटातून सुई गेली. विशीतला पोरगा, घरापासून लांब आलेला. तो ओरडला. मी धावत गेलो आणि आधी पायजम्यावर डाग पडलाय का ते बघितलं. मग बोट. त्याने ते पाहिलं, बोलला काही नाही. बोटाला चिंधी गुंडाळून पुन्हा बसला.

15 तारखेला अजून बरेच बाकी होते. मग मी तो चौकोनी तुकडा गाळला आणि आसन दीड इंचाने उतरवलं. नगामागे दहाएक मिनिटं वाचली. 19 तारखेला रात्री नऊला माल दिला. मंडळाच्या माणसाने एक पायजमा उलगडून कमरेला लावून बघितला, उभ्यानेच, आणि खूश होऊन गेला.

21 तारखेला मीही मैदानावर होतो. सरकारने ठरवून दिलेला 45 मिनिटांचा क्रम आपल्या वाचकांनी केला असेल. ताडासन झालं, वृक्षासन झालं, लोक डुगडुगले, हसले. पादहस्तासनाला सगळे पुढे वाकले आणि माझ्या पुढच्या रांगेतून ‘चर्र’ असा आवाज आला. शिंप्याला तो आवाज झोपेतही ओळखू येतो. त्रिकोणासनाला पाय फाकवल्यावर आणखी दोन. भद्रासनापर्यंत पुढच्या तीन रांगांत बरेच जण कुर्ता खाली ओढून अवघडून बसले होते. एका काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगावर माझा जुना पायजमा होता, तुकडा लावलेला. मी डोळे मिटून घेतले, ध्यानाला अजून बराच वेळ होता तरी.

पुढच्या आठवड्यात 34 पायजमे परत आले. मंडळाने पैसे दिवाळीपर्यंत अडवले, त्याची तक्रार करत नाही. कुठल्या तोंडाने करू?

बागेत परत गेलो तेव्हा आमच्या बाईंनी विचारलं, वीस दिवस होतात कुठे? त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, संस्कृत शिकवायच्या. मी सगळं सांगितलं. आधी त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “तारीख कोणी सांगितली होती? त्यांनी मागितली, पण ‘होईल’ कोण म्हणालं?” एवढंच. त्या दिवशी शवासनात मला झोप लागली नाही.

नंतर थोडं थोडं करून त्यांनीच सांगितलं, की पतंजलींच्या सूत्रांत आठ अंगं आहेत आणि आसन तिसरं येतं. त्याआधी यम आणि नियम, म्हणजे वागणुकीचे नेम. यमांत पहिली अहिंसा, दुसरं सत्य, तिसरं अस्तेय, म्हणजे चोरी न करणं, मग ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह, म्हणजे साठा न करणं. सगळी मिळून दोनशेच्या आत-बाहेर सूत्रं, त्यांत आसनावर फक्त तीन. मला हे नवीन होतं. मी दीड वर्ष समजत होतो, की योग म्हणजे आसनं, आणि सत्य-बित्य हे भिंतीवर लावायचं. माझ्या पायजम्यांचा हिशोब लावला तर पहिल्या तीनही यमांत मी नापास होतो, तेही आसनांसाठीच कपडे शिवताना.

त्या तीन सूत्रांतलं पहिलं सगळ्यांना ठाऊक आहे, स्थिरसुखमासनम्, स्थिर आणि सुखाचं ते आसन. दुसरं बाईंनी सांगितलं तेव्हा मला एकदम दुकान आठवलं. त्यात ‘प्रयत्नशैथिल्य’ असा शब्द आहे. जोर सैल सोडायचा, मग आसन जमतं. शिलाई मशीनला ‘टेन्शन’ नावाचा भाग असतो, दोन चकत्या आणि मधे स्प्रिंग, त्यांतून वरचा दोरा जातो. फिरकी जास्त आवळली की खालचा दोरा वर ओढला जातो, कापडाला चुण्या पडतात, कधी दोराच तुटतो. फार ढिली केली की उलट्या बाजूला गुंते. हे मला बाराव्या वर्षापासून माहीत. तीच फिरकी स्वतःच्या खांद्याला, जबड्याला आहे हे बावन्नाव्या वर्षी कळलं. आता मलमल मशीनखाली घेतली की दोऱ्याबरोबर खांदेही तपासतो. दहातल्या आठ वेळा ते कानाशी गेलेले असतात.

त्या गृहस्थांना वेळ हवा आहे म्हणून माझ्या दुकानातला योग जरा सविस्तर सांगतो. स्टूल दोन इंच उंच केलं, फळीचा तुकडा ठोकून. आता गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. नग संपला, की इस्त्री तापेपर्यंत टाचा उचलून दोन्ही हात वर, ताडासन. दिवसाला आठ-दहा वेळा होतं, वेगळा तास नाही. काजं-बटणं केली, की बोळाच्या तोंडाशी टॉवरचं टोक दिसतं तिकडे बघतो, डोळ्यांना लांबचं काहीतरी लागतं. आणि श्वास. मला कधी कळलंच नव्हतं, की महाग कापडावर कात्री चालवताना मी श्वास कोंडून धरतो. रेशमाची पैठणी ब्लाउजला आली तर एका दमात गळा कापायचो आणि मग धापा टाकायचो. आता कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकवतो आणि श्वास सोडत कापतो. हात थरथरत नाही. सुईत दोरा ओवतानाही तेच. वयामुळे ओवायला दोनदा लागतात, ते योगाने गेलेलं नाही.

हे झालं शरीराचं, ते सोपं. जड गेलं ते ‘काले चोक्कस’. उद्या नक्की, हा शिंप्यांचा मूळमंत्र आहे, तुमच्याकडच्याही असेल. नामदेवराय आमच्यातलेच. शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांचं पद आहे, त्यात ते मनाला मापायचा गज म्हणतात आणि जिभेला कात्री, मापून मापून यमराजाचा फास कापतात. माझी जीभ गिऱ्हाइकाचे दिवस कापत होती. म्हणून मी एक वही घातली. कोणाला कुठली तारीख सांगितली आणि खरंच कधी दिलं, दोन रकाने. पहिल्या महिन्यात 40 तारखांपैकी 11 पाळल्या होत्या. मला वाटलं होतं, निम्म्या तरी असतील.

वहीची कल्पना मला एका बडोदेकरावरून सुचली. इथून जवळ डभोईला 1883 साली जगन्नाथ गणेश गुणे जन्मले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद. 1907 ते 1910 ते प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली जुम्मादादांच्या आखाड्यात तयार झाले. आमचे आजोबा तालमीतल्या पोरांचे लंगोट शिवायचे, त्यामुळे माणिकरावांचं नाव आमच्या घरात देवाच्या खालोखाल. पुढे गुणे नर्मदाकाठी मालसरला माधवदासजींकडे योग शिकले. पण शिकलेलं तसंच्या तसं मान्य करून ते बसले नाहीत. 1920-21 मध्ये इथल्याच इस्पितळात त्यांनी काही विद्यार्थ्यांना उड्डियान आणि नौली, म्हणजे पोट आत ओढायच्या आणि फिरवायच्या क्रिया, करायला लावून शरीरात नेमकं काय होतं ते तपासायला घेतलं. लोणावळ्याचं कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ नियतकालिक त्यानंतरचं, 1924 चं. म्हणजे त्यांनी योग मापायला सुरुवात बडोद्याच्या इस्पितळात केली आणि आम्ही बडोदेकर लोणावळ्याला सहलीला गेलो की ते बघतो. असो. मापपट्टी गळ्यात घेऊन फिरणाऱ्या माणसाला हे आवडणारच. त्यांनी पोटातले बदल मोजले, मी माझं खोटं मोजायला घेतलं.

वहीमुळे ‘नाही’ म्हणायची वेळ आली. बडोद्याच्या नवरात्रात शिंप्याने ‘नाही’ म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजणार नाही. चनियाचोळी, केडियुं, पोरापोरींची रांग, आणि प्रत्येकीला पहिल्याच रात्री घालायची असते. त्या वर्षी मी 30 वर थांबलो. नेहमी साठ घेतो. बायको दोन दिवस बोलली नाही. तीस जणी समोरच्या दुकानात गेल्या, त्यांतल्या काही पुन्हा फिरकल्या नाहीत. हे नुकसान खरं आहे, योगाने भरून निघालं असं लिहिणार नाही. एक झालं, अष्टमीच्या रात्री कित्येक वर्षांनी मी स्वतः गरब्याला जाऊन उभा राहिलो आणि माझ्याच शिवलेल्या घेरांना फिरताना बघितलं.

तरी चुकतं. चुकलं की गिऱ्हाईक ओरडतं. पूर्वी मी लगेच कारण फेकायचो, लाइट गेली, कारागीर गावाला गेला, काकू वारल्या. माझ्या काकू किती वेळा वारल्यात! आता एक युक्ती करतो. तीही बडोद्याचीच. दांडिया बाजारातल्या अरविंद निवासावरून माझा रोजचा रस्ता. अरविंदबाबू, म्हणजे पुढचे योगी अरविंद, 1893 ते 1906 इथे नोकरीला होते. ते सोडून गेल्यावर 1908 च्या सुरुवातीला बडोद्यातच विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याने त्यांना ध्यानाला बसवलं आणि तीन दिवसांत त्यांचं मन निःशब्द झालं. पंचाईत अशी, की लगेच मुंबईत भाषण द्यायचं होतं आणि डोक्यात एक विचार नाही. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार कर आणि थांब, वाणी येईल. आणि आली. आमच्यासारख्याला निःशब्द मन कुठून मिळणार? पण नमस्कार करून थांबणं जमण्यासारखं आहे. गिऱ्हाईक चढ्या आवाजात आलं, की मी हात जोडतो आणि एक श्वास पूर्ण सोडेपर्यंत बोलत नाही. तेवढ्यात वारलेली काकू परत जाते आणि “माझ्याकडून राहिलं, परवा देतो” एवढंच उरतं. कोणी त्यावरही ओरडतं. ओरडू दे.

अस्तेयाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण धंदेबंधू वाचत असतील. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण उगाच पडलेली नाही. मोठ्या पन्ह्याच्या कापडातून उरलेला वीत-दीड वीत तुकडा आमच्याकडे राहतो आणि गिऱ्हाईक विचारत नाही. माझ्याकडे अशा तुकड्यांचे तीन डबे होते. आता उरलेलं टाचणीने गुंडाळून पिशवीतच घालतो. एका आजींना आधी वाटलं मी चुकून दिलंय, त्या परत करायला आल्या. डबे रिकामे करताना वडिलांच्या हातच्या चिठ्ठ्या निघाल्या, कोणाचं कापड, किती उरलं. ते लिहून ठेवायचे, म्हणजे द्यायचा विचार असावा. उरलेल्या तुकड्यांच्या बायकोने गोधड्या शिवल्या, एक कारागिराला गेली. ब्रह्मचर्याबद्दल माझ्या वयाच्या माणसाने न लिहिलेलं बरं.

आणि ते 34 पायजमे. शिवण उसवून मधे तुकडा बसवायचा म्हणजे नव्या नगापेक्षा जास्त वेळ. रोज रात्री दुकान बंद करताना एक. घाई नव्हती, पैसे नव्हते, कोणी तारीख मागितली नव्हती. कारागीर आपणहून शेजारी बसून उसवत होता. बोटावरची खूण अजून दिसायची. सातव्या-आठव्या रात्री मी त्याला म्हटलं, त्या दिवशी मी आधी कापड बघितलं. तो म्हणाला, “देखा था, काका.” आणि दोरा ओढत राहिला. शेवटचा पायजमा गणपतीच्या आदल्या दिवशी गेला.

संपादक महाराज, आपल्या पुरवणीत दर आठवड्याला एका आसनाचा फोटो येतो. मुलगी सडपातळ, चटई निळी, मागे हिरवळ. छान असतो. पण माझी विनंती अशी, की अधूनमधून कामावरच्या माणसांचाही योग छापा. रिक्षावाला मान कशी सोडवतो, पोळ्या लाटणाऱ्या बाईने ओट्यापाशी उभं कसं राहावं, खिडकीवरचा कारकून रांगेतल्या विसाव्या माणसाशी पहिल्यासारखा कसा बोलतो. आणि यमही छापा, फोटो नसला तरी चालेल. येत्या 21 जूनला कुठलं मंडळ कपडे शिवून घेणार असेल, तर शिंप्याला ऑर्डर मार्चमध्ये द्या आणि नमुन्याचा पायजमा घालून त्याच्यासमोर मांडी घालून बसा, उभ्याने पसंत करू नका.

आता थांबतो. पाच वाजता एका मुलीला ब्लाउजच्या ट्रायलला बोलावलं आहे, वहीत तसं लिहिलंय, आणि अजून हुक लावायचे बाकी आहेत.

आपला,
रावपुऱ्यातला एक शिंपी, बडोदा